इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत काम म्हणजे दिवसभर नुसते फोटोच काढायचे का?

प्रश्न असा आहे की मुंबईत एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, प्रोटीन आणि बॅक्टेरियाच्या स्ट्रक्चरवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी शिकायची इच्छा आहे, पण सिनियर म्हणतात तिथे नुसते फोटो काढायचे असतात, डोक्याचं काम दुसरेच करतात, तर हे खरं का आणि शिकायचं कुठे.

खरं नाही. ज्याने हे सांगितलं त्याने आयुष्यात एकही ग्रिड (सॅम्पल ठेवायची बारीक गोल जाळी) स्वतःच्या हाताने केलेलं नसणार. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. शिकायचं कुठे ते खाली सांगते, पण आधी तो "नुसते फोटो" शब्द, कारण अगदी हाच शब्द मी वीस-बावीस वर्षांपूर्वी ऐकलाय आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

2003 ची गोष्ट. मी मध्य मुंबईतल्या एका लॅबमध्ये टीईएमवर (पातळ सॅम्पलमधून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून बघायचं मायक्रोस्कोप) कामाला होते, संस्थेचं नाव सांगत नाही. लॅब रुळांपासून जवळ. लोकल गेली की मोठ्या मॅग्निफिकेशनला स्क्रीनवरची इमेज थरथरायची, एक तर जमीन हलते आणि वर गाडीच्या करंटमुळे आजूबाजूचं मॅग्नेटिक फील्ड बदलतं, इलेक्ट्रॉनच्या बीमला तेवढं पुरतं. म्हणून बारीक काम मी रात्री करायचे, शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जे तीन-साडेतीन तास मिळतात त्यात. मी तेव्हा डोंबिवलीला राहायचे, म्हणजे त्या रात्री घरी जायचा प्रश्नच नाही, सकाळी उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीत झोपत जायचं. सासूबाईंनी एका शब्दाने कधी विचारलं नाही की रात्रभर काय करतेस, हे मुद्दाम लिहितेय, कारण लॅबमधल्या लोकांनी बरंच काही विचारलं होतं.

एका सरांचा पीएचडीचा विद्यार्थी होता. ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरियाला एक पदार्थ द्यायचा आणि पेशीत काय बदल होतो ते बघायचं, असं काम. सॅम्पल त्याचं, बाकी सगळं माझ्याकडे. ग्लुटरल्डिहाईडमध्ये फिक्स, म्हणजे पेशी आहे तशी पक्की करायची, मग ऑस्मियम, मग अल्कोहोलच्या पायऱ्यांनी पाणी काढायचं, मग रेझिनमध्ये घालून 60 डिग्रीला दोन दिवस, की त्याचा घट्ट ब्लॉक होतो. जुलै महिना होता, आणि मुंबईच्या जुलैत रेझिन हवेतला ओलावा धरतं, ब्लॉक चिवट राहतो, सुरीवर सेक्शन, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप, फाटतात. दोनदा सगळं फेकून पहिल्यापासून केलं. सेक्शन 60-70 नॅनोमीटरचे लागतात, पाण्यावर तरंगताना चांदीसारखे चमकले की समजायचं बरोबर, सोनेरी दिसले की जाड. मग स्टेन, म्हणजे चित्रात उठाव यावा म्हणून युरेनिल ॲसिटेट, मग लेड सायट्रेट, आणि लेड सायट्रेटला हवेतला कार्बन डायऑक्साईड लागला की लेड कार्बोनेटचे काळे दाणे पडतात, म्हणून बशीत बाजूला कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या ठेवायच्या आणि आपण त्यावर वाकताना श्वास रोखून धरायचा. असं 3 मिलिमीटरचं एक ग्रिड मशीनमध्ये जातं तेव्हा त्यामागे साधारण आठवडा गेलेला असतो. आणि यावर लोक म्हणतात फोटो.

तर सेक्शन बघितले, आणि पदार्थ दिलेल्या पेशींमध्ये मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, आत वळून त्याच्या गुंडाळ्या झालेल्या दिसल्या, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक. सर खूश. म्हणाले आपल्या पदार्थाने मेम्ब्रेनवर परिणाम केला, हा पुरावा, दहा चांगले फोटो काढा. मी विचारलं कंट्रोल, म्हणजे पदार्थ न दिलेल्या पेशी? म्हणाले कंट्रोल कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे, एक फोटो पुरे.

मला चैन पडेना. कारण हे असलं चित्र मी आधी पाहिलेलं होतं, जुन्या पुस्तकांमध्ये, मेसोसोम नावाने. 1950 च्या दशकात बॅक्टेरियाचे पातळ सेक्शन बघायला सुरुवात झाली तेव्हा लोकांना हेच दिसलं, 1960 मध्ये फिट्झ-जेम्स यांनी त्याला मेसोसोम नाव दिलं, मग कोणी म्हणालं इथे श्वसन चालतं, कोणी म्हणालं पेशीची भिंत इथून बनते, कोणी म्हणालं डीएनए इथे चिकटतो. वीस वर्षं त्यावर पेपर निघत होते. आणि मग 1983 मध्ये झाक दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅक्टेरियाला काहीही केमिकल न लावता झटक्यात गोठवून त्याचे सेक्शन बघितले, तर मेसोसोम नाहीच! केमिकलने फिक्स करताना मेम्ब्रेन आत ओढलं जातं आणि ती गुंडाळी तयार होते, म्हणजे लोक वीस वर्षं आपल्याच केमिकलची करामत बघत होते. हेच ते दुबोशे ज्यांना 2017 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्याबरोबर. (अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात मेसोसोम अजून आहे. माझ्या मुलीने नीटसाठी पाठ केलं, मी तिला सांगितलं परीक्षेत पुस्तकातलंच लिही पण मनात ठेवू नकोस.)

मग तीन रात्री मी कंट्रोलचे ग्रिड घेऊन बसले. पदार्थ न दिलेल्या, धडधाकट पेशी. एकेक चौकट सरकवत, एकेक पेशी बघत, वहीत रेघा मारत. गुंडाळ्या तिथेही होत्या, जवळजवळ तेवढ्याच. त्या काळी आमच्याकडे फिल्मच होती, मी कंट्रोलच्या वीस निगेटिव्ह काढल्या, डार्करूममध्ये धुतल्या, प्रिंट करून सरांच्या टेबलावर ठेवल्या.

ते म्हणाले, "तुम्ही फोटो काढा, अर्थ आम्ही लावू."

आवाज चढवला नाही, शांतपणे म्हणाले, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. तो विद्यार्थी शेजारी उभा होता, खाली बघत होता. मी प्रिंट उचलून परत आले.

आता हे नीट वाच, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. एका ग्रिडवर हजारो पेशी असतात आणि त्यातल्या वीस कोणत्या टिपायच्या ते मशीनवर बसलेलं माणूस ठरवतं. फोकस किती कमी ठेवायचा, बीम किती द्यायचा, हा डाग स्टेनचा आहे का पेशीचा, हे सगळं ते ठरवतं. अर्थ लावायचं काम तिथेच, अंधाऱ्या खोलीत, निम्म्याहून जास्त झालेलं असतं. जो गाईड म्हणतो की बघणारा वेगळा आणि समजणारा वेगळा, त्याच्याकडे जाऊ नकोस, मग तो कितीही मोठा असो.

आणि हे जुन्या मशीनपुरतं आहे असं वाटत असेल तर तसं नाही. क्रायोमध्ये, म्हणजे सॅम्पल गोठवून बघायच्या पद्धतीत, काय करतात, प्रोटीनचा थेंब ग्रिडवर घालतात, ब्लॉटिंग पेपरने टिपून पातळ पापुद्रा ठेवतात, आणि -180 अंशांच्या आसपास असलेल्या लिक्विड इथेनमध्ये झपकन बुडवतात. लिक्विड नायट्रोजनमध्ये थेट का नाही, तर त्यात काही बुडवलं की नायट्रोजन उकळतो आणि वाफेचं आवरण तयार होतं, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना तसं, आणि गोठणं मंदावतं. इथेनमध्ये इतकं पटकन गोठतं की बर्फाचे स्फटिक बनायला सवडच मिळत नाही, पाणी काचेसारखं होतं. स्टेन नाही, केमिकल नाही. पण मग चित्र इतकं फिकं येतं की नवख्या माणसाला करड्या रंगाशिवाय काही दिसत नाही, कारण बीम जास्त दिला तर प्रोटीन जळतं. म्हणून लाखो कण उचलून, फिरवून, जुळवून त्यांची सरासरी काढायची. आणि इथे परत तोच घोळ होऊ शकतो. हेंडरसन यांनीच 2013 मध्ये त्यावर इशारा दिलाय: नुसत्या दाण्या-दाण्यांची, काहीही नसलेली चित्रं घे, ती आईनस्टाईनच्या फोटोशी जुळवत जा आणि सरासरी काढ, आईनस्टाईनचा चेहरा तयार होतो. जे शोधायला बसलो तेच सापडतं. मी ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा सरच आठवले.

उलटंही होतं, म्हणजे असलेलं दिसत नाही. टीबीच्या जंतूच्या कुळातल्या बॅक्टेरियाला बाहेरून आणखी एक मेम्ब्रेन आहे असा अंदाज कित्येक वर्षं होता, पण नेहमीच्या पद्धतीने केलेल्या सेक्शनमध्ये ते धड दिसायचं नाही, अल्कोहोल आणि रेझिनमध्ये त्याची वाट लागायची. 2008 मध्ये गोठवलेल्या सेक्शनमध्ये ते दोन थर स्वच्छ दिसले. मुंबईत राहून टीबीचं महत्त्व मी काय सांगू, शिवडीच्या हॉस्पिटलला कधी ना कधी कोणासाठी तरी डबा घेऊन गेलेलं माणूस प्रत्येक चाळीत निघेल. आमच्या चाळीतून मी गेलेय. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन वापरतात ना, ते जंतूच्या एटीपी सिंथेजवर (पेशीसाठी ऊर्जा बनवणारं प्रोटीन) नेमकं कुठे बसतं तेही 2021 मध्ये क्रायोनेच दाखवलं, स्मेग्मॅटिस नावाच्या निरुपद्रवी भाऊबंदावर. प्रोटीनच्या आकाराचा अंदाज कॉम्प्युटरने बांधणारं अल्फाफोल्ड आल्यावर हे सगळं बंद होणार का असं लोक विचारतात, माझ्या मते अजिबात नाही, अंदाज चांगला मिळतो आणि कामही सोपं होतं, पण औषध बसलेलं, अर्धवट फिरलेलं, पेशीतल्या गर्दीत अडकलेलं प्रोटीन बघावंच लागतं.

शिकायचं कुठे. मुंबईत पवईला आयआयटीचं सैफ (मोठ्या मशीनची सुविधा), कुलाब्याला टीआयएफआर ही संशोधन संस्था, नवी मुंबईत खारघरला टाटांचं कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, तिथे प्रोजेक्ट किंवा ट्रेनिंगसाठी विचार. क्रायोसाठी बेंगळुरूला राष्ट्रीय सुविधा आहे, स्ट्रक्चरचं काम मनापासून करायचं असेल तर आज ना उद्या तिकडे फेरी होणारच. सुरुवात मात्र निगेटिव्ह स्टेनपासून (प्रोटीनभोवती जड धातूचा स्टेन देऊन बघायची साधी पद्धत) कर, कोणी थेट क्रायो शिकवतो म्हणाला तरी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुझं प्रोटीन एकसारखं आहे की त्याचा गोळा झालाय हे लगेच कळतं. वाईट इमेज आली की सगळे ऑपरेटरकडे बघतात, पण माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष सॅम्पलचा असतो, धड शुद्ध केलेलं नसतं. लिनक्स आणि थोडं पायथन आत्ताच शीक, कण जुळवून सरासरी काढणारी रेलिऑन सारखी सॉफ्टवेअर त्यावर चालतात, आमच्या पिढीला ते पुढे फार जड गेलं. आणि जॉईन होण्याआधी स्पष्ट विचार की पेपरवर माझं नाव येणार की शेवटी आभाराच्या ओळीत. लाजू नकोस, मी लाजले होते.

काही गोष्टी राहिल्या. ऑपरेटरच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, दर वर्षी पत्राची वाट बघावी लागते, घरी तशी कल्पना देऊन ठेव. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना वाईट, फ्यूम हूडबाहेर बाटली उघडायची नाही. युरेनिल ॲसिटेट थोडं का होईना रेडिओॲक्टिव्ह आहे, त्याचा कचरा वेगळा. आणि सगळे गाईड वाईट नसतात, मला पुढे ज्या मॅडम मिळाल्या त्या स्वतः रात्री माझ्याबरोबर बसायच्या आणि स्क्रीनवर काही दिसलं की आधी मला विचारायच्या.

अजून एक, ते न सांगणं बरोबर होणार नाही. काही पेप्टाईड आणि अँटिबायोटिकने मेम्ब्रेनला इजा झाली की मेसोसोमसारख्या गुंडाळ्या होतात असंही छापून आलेलं आहे. म्हणजे सरांच्या पदार्थाने काहीच झालं नसेल असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण कंट्रोलमध्येही तेवढ्याच असतील तर त्या फोटोंवरून ते सिद्ध होत नाही, माझं म्हणणं तेव्हा एवढंच होतं आणि आजही एवढंच आहे. पेपर पाठवला तेव्हा तपासणाऱ्याने पहिलाच प्रश्न कंट्रोलचा विचारला. हे मला सरांनी सांगितलं नाही, त्या विद्यार्थ्याने दोन वर्षांनी दादरच्या पुलावर भेटला तेव्हा सांगितलं. शेवटी ते फोटो काढूनच टाकले आणि बाकीचा पेपर छापला.

कंट्रोलच्या त्या वीस निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, पाकिटावर तारीख, ग्रिडचा नंबर आणि सुरी काचेची होती ते लिहिलेलं आहे. सर रिटायर होईपर्यंत वाट बघितली, त्यांनी कधी मागितल्या नाहीत.