वरच्या दाराशी राहिलेले पार्सल

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांचे मनगटी घड्याळ मी दुरुस्तीसाठी एका कारागिराकडे पाठवले होते. त्यांनी ते कुरिअरने परत पाठवले, पार्सल पोहोचल्याचा संदेशही मला आला, पण हाती काहीच पडले नाही. कुरिअर कंपनीने पुरावा म्हणून पाठवलेल्या फोटोत आमच्या तपकिरी दाराऐवजी वरच्या मजल्यावरच्या काकूंचे हिरवे दार आणि त्यांच्या नातवाचे निळे गमबूट दिसतात. मी तडक वर जाऊन काकूंना विचारले, “आमचं पार्सल तुमच्याकडे आलंय ना?” “नाही, आमच्याकडे काही नाही,” एवढेच म्हणून त्यांनी दार लावून घेतले. याला ६ दिवस झाले. आता त्या जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. आमच्या घराची जादा किल्ली गेली ८ वर्षे त्यांच्याकडे असते. मी तो फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकावा का? माझे यजमान म्हणतात, त्यांचे एखादे पार्सल आपल्याकडे आले की आपणही ठेवून घेऊ. शिवाय किल्ली परत मागावी का, हेही कळत नाही.
– अस्वस्थ शेजारीण

उत्तर : तुमचे पत्र वाचताना माझे मन त्या घड्याळापाशीच अडकून राहिले. बाजारातून आणलेली वस्तू हरवली तर तिच्या जागी दुसरी आणता येते. वडिलांच्या मनगटावर वर्षानुवर्षे राहिलेली वस्तू हरवली की माणसाची झोप उडते, आणि अशा वेळी तोंडून तिखट प्रश्न निघाला तर त्यात तुमचा मोठा दोष आहे असे मी मानत नाही. तरीही त्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा पाहायला हवे, कारण गाठ तिथेच बसली आहे.

तुम्ही “आलंय का?” असे विचारले नाही, “आलंय ना?” असे विचारले. ‘का’ने विचारले की समोरच्या माणसाला शोधायला, आठवायला, घरात विचारायला सवड मिळते. ‘ना’ने विचारले की उत्तर आपणच ठरवून आलो आहोत आणि समोरच्याने फक्त कबुली द्यायची आहे, असा त्याचा अर्थ होतो. काकूंनी दार लावले ते पार्सल लपवण्यासाठी की हा अर्थ त्यांना झोंबला म्हणून, हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

फोटोतून काय सिद्ध होते तेही नीट पाहू. विशिष्ट क्षणी ते खोके हिरव्या दारासमोर ठेवलेले होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते कोणी उचलले, कधी उचलले, उचलले तेव्हा काकू घरी होत्या का, यांपैकी काहीही फोटोत नाही. चूक लक्षात आल्यावर कुरिअरवाल्यानेच ते परत नेले असेल, घरातल्या दुसऱ्या कोणी आत घेऊन कुठेतरी ठेवले असेल, जाता-येता एखाद्याने उचलले असेल किंवा मुलाने खेळायला नेले असेल. एकावर एक अशी सारखी घरे असली की मजला चुकणे सोपे असते. काही कंपन्या फोटोसोबत ठिकाणाची नोंदही दाखवतात, पण मोबाइलमधले जीपीएस इमारतीपर्यंत आणून सोडते, मजला मात्र खात्रीने सांगत नाही; त्यामुळे तुमच्या पत्त्यावर पार्सल दिल्याची नोंद असली तरी ते तुमच्या दाराशी आले होते असे होत नाही.

माझ्या स्वतःच्या घरी शेजाऱ्यांचे एक पाकीट ९ दिवस कपाटावर पडून होते. माझ्या सासूबाईंनी ते सही करून घेतले होते आणि त्या विसरून गेल्या होत्या. दरम्यान शेजारी विचारून गेले, मी अगदी प्रामाणिकपणे “नाही” म्हणाले, आणि पाकीट सापडल्यावर ते द्यायला त्यांच्या दाराशी जाताना मला जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही. माझे “नाही” खरे होते आणि पाकीटही माझ्याच घरात होते. काकूंच्या बाबतीत असेच घडले आहे असा माझा दावा नाही, पण असे घडू शकते याला जागा ठेवा.

आता कामाचे. घड्याळाचा जाब तुम्हाला काकूंकडे मागायचा नाही, तो ज्यांनी पार्सल पाठवले आणि ज्यांनी ते पोहोचवायचे होते त्यांच्याकडे मागायचा आहे. आजच्या आज त्या कारागिरांना लेखी कळवा, कारण कुरिअर कंपनीशी व्यवहार त्यांनी केला आहे आणि पुष्कळ कंपन्या पाठवणाऱ्याच्या तक्रारीलाच आधी दाद देतात. कंपनीलाही तेच लेखी कळवा; फोनवर बोललात तरी मागाहून ते लिहून पाठवा. त्यात पार्सलचा क्रमांक, संदेश आल्याची तारीख व वेळ, तुमचा पूर्ण पत्ता मजल्यासह आणि “फोटोतील दार माझे नाही” हे स्पष्ट वाक्य असू द्या. सोबत तुमच्या स्वतःच्या दाराचा फोटो जोडा. कंपनीने पाठवलेला फोटो उतरवून स्वतःजवळ ठेवा, कारण अशा फोटोंचे दुवे काही काळाने बंद होऊ शकतात. पार्सल देताना ओटीपी किंवा सही घेतली होती का, घेतली असल्यास कोणाची, हे विचारा आणि त्या दिवशी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला प्रत्यक्ष विचारण्याचा आग्रह धरा. ६ दिवसांत त्याने शेकडो दारे पाहिली असतील, तरी निळे गमबूट कदाचित त्याला आठवतील. तक्रारीला बहुधा मुदत असते आणि ती थोड्या दिवसांचीच असू शकते, म्हणून याला उशीर करू नका. भरपाई देऊ केली तर लगेच सही करून प्रकरण मिटवू नका. पाठवताना लिहिलेल्या किमतीपुरतीच ती बहुतेक वेळा असते आणि एकदा प्रकरण बंद झाले की शोधही थांबतो.

हे पत्र गेल्यावर मग काकूंकडे जा. आधी पत्र, मग काकू, हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे: कंपनीकडे हक्काने मागून झाले की वर जाताना तुमच्या आवाजात मागणीचा सूर उरणार नाही. यजमानांना सोबत नेऊ नका. दोन माणसे दारात उभी राहिली की ती जाब विचारायला आल्यासारखीच दिसतात. जिन्यात गाठू नका, जेवणाच्या वेळी जाऊ नका. मोबाइल हातात न धरता पिशवीत ठेवा. आणि साधारण असे म्हणा:

“काकू, त्या दिवशी मी ज्या रीतीने विचारलं ते चुकलं. पार्सल तुम्ही घेतलंय असं मी गृहीत धरल्यासारखं झालं. त्यात बाबांचं घड्याळ होतं, म्हणून मी घाबरून गेले होते. कुरिअरवाल्याने ते चुकून वरच्या मजल्यावर ठेवलं असं फोटोवरून दिसतंय. छोटंसं तपकिरी खोकं आहे, वर माझं नाव आहे. घरात कोणी उचलून ठेवलं असेल का, जरा विचाराल का?”

पत्रावरून असे दिसते की त्या खोक्यात काय होते हे तुम्ही काकूंना सांगितलेलेच नाही. ते सांगा. ‘पार्सल’ या शब्दाने कोणाचेच मन हलत नाही. तुमच्या बाबांना त्या ओळखत असतील तर ‘बाबांचं घड्याळ’ म्हटल्यावर त्या स्वतः कपाटे उघडून पाहतील. फोटो त्यांनी मागितला तरच दाखवा.

एक शक्यता उरते, आणि ती टाळून चालणार नाही. काकूंना खोके नंतर सापडले असेल, कदाचित कोणी नाव न वाचताच ते फोडलेही असेल, आणि एकदा “नाही” म्हणून बसल्यामुळे आता ते घेऊन खाली येण्याची त्यांना लाज वाटत असेल. अशा माणसाला परतीची वाट आपणच करून द्यावी लागते. निघताना एवढेच म्हणा, “नंतर कधी सापडलं, तर आमच्या दाराशी ठेवलंत तरी चालेल.” आणि खोके खरेच मिळाले तर ते का उघडले, इतके दिवस कुठे होते, यातले काहीही विचारू नका. घड्याळ चालते का ते घरी येऊन पाहा.

त्यांनी पुन्हा नाहीच म्हटले, तर ते उत्तर घेऊन शांतपणे खाली या आणि तिसऱ्यांदा विचारू नका. पुढचा शोध कंपनीचा. पोलिसांत कळवायची वेळ आली, तर तिथेही तुम्हाला माहीत आहे तेवढेच लिहा: पार्सल चुकीच्या दाराशी ठेवले गेले आणि ते मिळालेले नाही. ‘अमुक बाईंनी घेतले’ हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून ते लिहू नका.

फोटो ग्रुपवर टाकू नका. नाव न लिहिताही हिरवे दार साऱ्या इमारतीला ओळखू येईल, त्या मुलाचे गमबूटही ओळखू येतील, आणि उद्या घड्याळ कुरिअरच्या गोदामात सापडले तर तो फोटो लोकांच्या मनातून पुसण्याचा उपाय तुमच्याकडे नसेल.

यजमानांचा राग मी समजू शकते, पण त्यांनी सुचवलेले मुळीच करू नका. दुसऱ्याचे आहे हे ठाऊक असताना पार्सल ठेवून घेणे अनेक ठिकाणी कायद्याने गुन्हा ठरू शकते. आज तुमची बाजू स्वच्छ आहे. त्यांचे पार्सल ठेवून घेतलेत, तर त्या दिवशी दोन्ही घरांवर एकच आरोप असेल, आणि तुमच्या घरावरचा तेवढा सिद्ध झालेला असेल.

राहिली किल्ली. ८ वर्षांत त्या किल्लीने तुमच्या घरातून काही गेले असते तर ते तुम्ही मला नक्की लिहिले असते. किल्ली आत्ता मागितलीत तर वर जाऊन बोललेले सगळे वाया जाईल, आणि काकूंनी खोके खरेच पाहिलेले नसेल तर हा दुसरा घाव त्यांना पहिल्यापेक्षा खोल लागेल. कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत ती आहे तिथेच राहू द्या. त्यानंतरही रात्री मनात धाकधूक राहिली, तर कोणाकडेही काही न मागता कुलूप बदलून घ्या.