अनिर्वचनीय म्हणजे अवर्णनीयच का?

‘दोन्हींचा अर्थ एकच असेल तर एवढा जड शब्द हवा कशाला?’ असा प्रश्न आहे. रोजच्या लिखाणात दोन्ही एकमेकांच्या जागी खपून जातात, हे खरं. पण शब्द फोडला की फरक दिसतो.

मधला तुकडा आहे ‘निर्वचन’, म्हणजे उलगडून नेमकं सांगणं. यास्काचार्य ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांवरच्या प्राचीन ग्रंथात शब्दाची फोड करून अर्थ लावतात, तेही निर्वचनच. तेव्हा अनिर्वचनीय म्हणजे ‘हे अमुक आहे’ असं ठामपणे सांगता येत नाही ते.

अद्वैत वेदान्तातलं दोरी-सापाचं उदाहरण इथे चपखल बसतं. अंधारात दोरीवर साप दिसला. तो खरा म्हणावा, तर दिवा आणताच नाहीसा होतो. अजिबात नव्हताच म्हणावा, तर दिसला होता, अंगावर काटाही आला होता. सत् नाही, असत् नाही, म्हणून अनिर्वचनीय. आता गंमत बघा, त्या सापाचं वर्णन मात्र खुशाल करता येतं: काळा, हातभर लांब, वेटोळं घातलेला! म्हणजे वर्णन होतं, निर्वचन होत नाही.

नारदभक्तिसूत्रांत मात्र ‘अनिर्वचनीयं प्रेमस्वरूपम्’ म्हटलंय आणि लगेच पुढचं सूत्र ‘मूकास्वादनवत्’. मुक्याला चव कळते, सांगता येत नाही. आपल्याकडे रुळलेली छटा याच्या जवळची.

‘अवाच्य’ यांच्या रांगेत बसवू नका. अवाच्य शिव्या देता येतात, म्हणून तर तक्रार होते. त्या तोंडातून काढू नयेत एवढंच.

‘अनिर्वचनीय दुःख’ चालेल का, असंही विचारलंय. व्याकरणाने चालेल, पण मी लिहिणार नाही. दुःख हे नाव दिलंत म्हणजे काय आहे ते ठरलंच. फार मोठं आहे एवढंच सांगायचं तर ‘अवर्णनीय’ किंवा साधं ‘सांगता येत नाही इतकं’ पुरे. गेलेल्या माणसाचं कपाट बऱ्याच दिवसांनी उघडावं, कपड्यांना अजून त्याचा वास असावा, आणि बरं वाटतंय की पोटात तुटतंय हेच कळू नये, तिथे अनिर्वचनीय शोभतो.

आणि ‘अनिर्वाचनीय’ लिहू नका. निर्वाचन म्हणजे निवडणूक. त्या एका कान्याने उमेदवार पडतो.