विषय वॉर्डात शोध

प्रिय मुली,

तुझा फोन झाल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायला तीन आठवडे उरलेत, विषय ठरत नाही, आणि लायब्ररीतल्या जुन्या प्रबंधातलं एखादं शीर्षक घेऊन त्यातला आजार नि गाव बदललं तर चालेल का, असं तू विचारलंस. मी तेव्हा ‘थांब जरा’ एवढंच म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

चालेल. पासही होशील. पण तुझी एम.एस्सी. नर्सिंगची उमेदीची वर्षं त्यात जातील आणि एकाही पेशंटला त्याचा फायदा होणार नाही.

हे मी खात्रीने सांगते, कारण माझा प्रबंध तसाच होता. स्टाफ नर्सेसचं हात धुण्याविषयीचं ज्ञान आणि त्यावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. पहिल्या दिवशी प्रश्नावली, मग तक्ते लावून लेक्चर, प्रात्यक्षिक, आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढले. उत्तरं शिकवून तेच प्रश्न विचारले की गुण वाढतातच. टी-टेस्ट ही संख्याशास्त्रातली चाचणी लावली, फरक लक्षणीय आला, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कौतुक झालं. पुढे काही महिन्यांनी त्याच वॉर्डात मी विद्यार्थिनींना घेऊन गेले. बेसिनपाशी साबण नव्हता. दुपारी नळाला पाणीही नव्हतं. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या तिथल्या सिस्टरना माझ्या लेक्चरच्या आधीपासून पाठ होत्या. मी वर्षभर त्यांचं ज्ञान मोजत राहिले, आणि कमी होता तो साबण. त्या दिवशी बेसिनसमोर मला जे वाटलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्र.

तर लायब्ररी राहू दे. आठवडाभर एकाच वॉर्डात जा, साधी दोनशेपानी वही घे, आणि आपले हात दिवसभर काय काय करतात ते लिहीत जा. प्रत्येक कामापुढे ‘का?’ लिही. ‘पुस्तकात आहे म्हणून’, ‘इन्चार्ज सिस्टर सांगतात म्हणून’, ‘पहिल्यापासून असंच करतात’ अशी उत्तरं जिथे येतील, तिथे खूण कर. तुझा विषय त्या खुणांपाशीच कुठेतरी आहे.

इंट्राकॅथचंच घे, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवतो त्या बारीक नळीचं. बहात्तर तास झाले की ती काढायची आणि नवीन जागी लावायची, हे आपण सगळ्यांनी शिकलं आणि शिकवलं. शीर फुगते, लाल होते, दुखते, म्हणून आधीच बदलायची. पण ज्या पेशंटची शीर मुळातच मिळत नाही, त्याला चांगली चाललेली सुई काढून पुन्हा टोचताना त्याचा चेहरा तू पाहिला आहेस. क्लेअर रिकर्ड या ऑस्ट्रेलियातल्या नर्सने याच नियमाला ‘का?’ विचारलं. क्वीन्सलँडमधल्या तीन हॉस्पिटलांतले ३,२८३ पेशंट घेतले. अर्ध्यांची इंट्राकॅथ ठरल्या दिवशी बदलली, अर्ध्यांची फक्त गरज पडली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच निघालं. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. प्रश्न रोज ट्रे घेऊन फिरणाऱ्या कोणालाही सुचावा असा आहे. फक्त विचारायचं धाडस हवं, आणि मोजायची चिकाटी.

मात्र ते वाचलंस म्हणून उद्या आपल्या वॉर्डात नियम मोडू नकोस. ‘गरज पडली तर बदला’ याचा अर्थ प्रत्येक ड्यूटीला कोणीतरी ती जागा उघड्या डोळ्यांनी बघतंय. पन्नास पेशंटमागे रात्री एकच सिस्टर असेल तर ती बघणार कधी? तिथे बहात्तर तासांचा नियमच पेशंटला सांभाळत असेल. मग आपल्याकडचा खरा प्रश्न वेगळा होतो: एका ड्यूटीत इंट्राकॅथची जागा प्रत्यक्षात किती वेळा बघितली जाते, आणि चिकटपट्टीवर तारीख-वेळ किती जणांच्या असते? हे तू वही-पेन घेऊन महिन्याभरात मोजू शकतेस. बाहेरचं संशोधन असंच वापरायचं. आधी ते पूर्ण वाचायचं, मग आपला वॉर्ड डोळ्यांसमोर आणायचा.

बेडसोअरबद्दल, म्हणजे पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमेबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या हातून झालेली चूक त्यात आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा बॅक केअर म्हणजे स्पिरिट लावून पाठ, माकडहाड आणि टाचा खसाखसा चोळायच्या नि वर पावडर मारायची. लाल झालेली जागा दिसली की तिथे जास्त जोर. रक्तपुरवठा वाढतो असं आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही ते मनापासून केलं. खुब्याचं हाड मोडून ट्रॅक्शनवर, म्हणजे पायाला वजन लावून पडून, असलेले एक आजोबा होते, त्यांच्या टाचेवर मी रोज सकाळी पाच मिनिटं घालवायचे. आठव्या दिवशी ती जागा काळी पडली. हाडावरच्या लाल जागेला चोळलं की खालची दबलेली ऊती आणखी दुखावते, हे मला फार उशिरा कळलं. खरं तर डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं की कातडीला काय चोळता यापेक्षा तिच्यावरचा दाब वेळच्या वेळी हलवता की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. आज बेडसोअरचा धोका मोजायला तू ब्रेडन स्केल वापरतेस ते १९८७ चं, तेही नर्सेसनीच तयार केलेलं. म्हणजे माझ्या आजोबांसाठीचं उत्तर छापलेलं होतं. माझ्या वॉर्डापर्यंत ते कोणी आणलं नव्हतं.

टाच कशी बघायची ते पुस्तकात आहे, तरी पुन्हा सांगते. लाल जागेवर बोट दाबून तीन सेकंद धर आणि उचल. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. पांढरी पडलीच नाही तर दाबाने इजा सुरू झाली असं समज. पण आपले कितीतरी पेशंट सावळे, काळे. त्यांच्या कातडीवर हा लालपणा उमटतच नाही, आणि चार्टवर ‘त्वचा नॉर्मल’ लिहिलं जातं. तिथे हाताची मागची बाजू लाव. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, कडक किंवा भुसभुशीत लागते का, रंग जांभळट आहे का, आणि पेशंट हात लावल्यावर पाय ओढतो का, ते बघ. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेव. सावळ्या कातडीवरचा बेडसोअर आपल्या वॉर्डात कितव्या दिवशी नोंदवला जातो आणि तेव्हा तो कोणत्या स्टेजला पोचलेला असतो? हा विषय मला आज मिळाला असता तर मी पुन्हा ॲडमिशन घेतलं असतं.

आणखी एक. आपल्याकडे पेशंटला कुशीवर वळवतं कोण? बहुतेक वेळा सून, मुलगा, नाहीतर वॉर्डातल्या कामवाल्या मावशी. संशोधनात मात्र ‘नर्स दर दोन तासांनी वळवते’ असं लिहून मोकळे होतात. तू नातेवाईक धरून मोज.

आता मोजण्याच्या साधनांविषयी. इंग्रजीतली प्रश्नावली मराठी करून घेतलीस आणि भाषातज्ज्ञाचा शिक्का मिळाला, एवढ्यावर समाधान मानू नकोस. आमच्या सर्जरी वॉर्डात एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. विद्यार्थिनी विचारत होती, ‘आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ आजी नुसत्या बघत राहिल्या. तिने पुन्हा विचारलं, चेहऱ्यांची चित्रं दाखवली, आणि शेवटी अंदाजाने पाच लिहिले. मी जवळ बसून विचारलं, ‘आजी, काल रुपयाभर दुखत होतं ना? आज किती?’ आजी लगेच म्हणाल्या, ‘बारा आणं गेलं बघा, चार आणं ऱ्हायलंय.’ त्यांच्याकडे माप होतं. आपण चुकीच्या भाषेत विचारत होतो. तरुणांना आणे माहीत नाहीत, त्यांना दहाचं माप ठीक आहे. पण साठीच्या पुढच्या खेड्यातल्या पेशंटला दोन्ही मापं, दोन वेगवेगळ्या सिस्टरनी, एकाच तासात विचारली तर कोणतं जास्त जुळतं, हे तपासून बघण्यासारखं आहे. ठणका, कळ, आग, चमक हे शब्दही एकमेकांऐवजी वापरू नकोस. आजी ते वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरतात.

वापरणाऱ्याच्या हाताला जमेल असं साधन कसं बनवायचं ते गडचिरोलीकडून शीक. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी न्यूमोनियासाठी बाळाचे श्वास मोजायचं काम अशा दायांना दिलं, ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेला श्वासमापक तयार केला. नंतर ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आल्याचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या बायका वजन, ताप, श्वास अगदी काटेकोर लिहीत. तुझ्याकडे चार वर्षांची डिग्री आणि अख्खा वॉर्ड आहे. ‘आपल्याकडे सोयी नाहीत’ असं यापुढे मला सांगू नकोस.

‘नर्सच्या संशोधनाने फरक काय पडतो?’ असं तुझ्या बॅचमधलं कोणी म्हणालं असेल तर हे सांग. लिंडा एकन या अमेरिकन नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांची आकडेवारी तपासली. एका नर्सकडे एक पेशंट जादा आला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत, चार लाखांवर पेशंटमध्ये, पुन्हा तसंच दिसलं. हा फक्त सहसंबंध आहे; कमी स्टाफमुळेच मृत्यू झाले हे सिद्ध झालं, असं लिहू नकोस. पण ‘स्टाफ कमी आहे’ हे आपण रोज हँडओव्हरला एकमेकींना सांगतो आणि ते तिथेच विरतं. त्यांनी मोजलं, म्हणून सरकारांना ऐकावं लागलं.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची भीती बाळगू नकोस, पण संमतीपत्राची मनापासून काळजी घे. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नाही’ हे वाक्य पेशंट वाचत नाही, तो फक्त अंगठा कुठे उठवायचा ते विचारतो. पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टरला तो ‘नाही’ म्हणूच शकत नाही. सलाईन तूच लावणार, बेडपॅनसाठी हाक तुलाच मारायची, मग तो ‘हो बाई, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. ती संमती नव्हे. ज्या वॉर्डात तुझी ड्यूटी आहे तिथल्या पेशंटची संमती दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांग, आणि ‘नाही म्हणालात तरी औषधपाणी असंच चालू राहील’ हे वाक्य सगळ्यात वर, ठळक लिही.

स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा करण्याआधी जा. नंतर गेलीस तर ते फक्त हळहळू शकतात.

शेवटची गोष्ट मी फोनवर बोलणार नव्हतेच. आपल्या चार्टवर पहाटे चारचं टेंपरेचर सगळ्यांचं ९८.४ असतं. कूस बदलल्याच्या तक्त्यावर दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या नोंदी एका पेनाने, एकाच दमात झालेल्या असतात. रात्री साडेदहाला बाराची नोंद भरलेली मी स्वतः पाहिली आहे. ती सिस्टर आळशी नव्हती. तिच्याकडे दोन पेशंट व्हेंटिलेटरवर होते आणि रिकामा रकाना दिसला असता तर सकाळी बोलणी तिलाच बसली असती. म्हणून जुन्या केस पेपरांवरून डेटा घेणार असशील तर आधी काही रात्री स्वतः थांबून प्रत्यक्ष काय होतं ते बघ आणि कागदाशी ताडून बघ. तुझ्या स्वतःच्या तक्त्यात जे बघितलं नाहीस तिथे रिकामं सोड. तीस पेशंटपैकी चार सुटले तर चार सुटले असं लिही. गाईड रागावतील, रागावू देत. मी त्यांच्याशी बोलेन. आणि त्या सिस्टरचं नाव तुझ्या कागदावर कधीही येता कामा नये.

रविवारी दुपारी ये. सिनॉप्सिस टाइप करून आणू नकोस, वही आण. निदान पाच दिवसांची पानं भरलेली असू देत, आणि ज्या पानावर सगळ्यात जास्त खुणा असतील तिथे दोरा घालून ठेव.

तुझी,
मॅडम