मोठा टोमॅटो हवा, पण कोणता?

प्रश्न : ताई, गेल्या हंगामात ब्रँडीवाइन लावला. झाड माझ्या डोक्यावर गेलं, फुलंही भरपूर आली, पण बहुतेक गळून पडली. हाती लागली ती मोजकीच फळं, त्यातली काही वाकडीतिकडी. चव मात्र अशी, की आता दुसरा टोमॅटो गोड लागत नाही. बागेत दोन-तीन झाडांपुरतीच जागा आहे. बीफस्टीक, म्हणजे अशा मोठ्या, गरदार फळांच्या प्रकारातलं कोणतं वाण निवडू?

उत्तर : चव आवडली आहे, तर बीफस्टीक सोडू नका. फक्त यापुढे वाण निवडताना फळाच्या फोटोआधी तुमच्याकडच्या रात्रीच्या तापमानाकडे बघा. दिवसा 32 ते 35 अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्री 24 च्या वर पारा राहिला, की परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. रात्री 13 अंशांच्या खाली गेल्या तरी फळधारणा बिघडते. चेरी टोमॅटो अशा दिवसांतही बरीच फळं धरतो, मोठ्या फळांची वाणं आधी हात टेकतात. झाड उंच गेलं आणि फुलंही आली म्हणता, म्हणजे वाढ चांगलीच होती. फुलं चुकीच्या दिवसांत आली असावीत.

पाकिटावर ‘80 दिवस’ लिहिलेलं असतं, ते रोप जमिनीत लावल्यापासूनचे, बी पेरल्यापासूनचे नव्हेत. रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे धरा. ब्रँडीवाइनला लावणीनंतर 80 ते 100 दिवस लागतात. तुमच्याकडे फळधारणेला मानवणारा काळ थोडा असेल, तर एवढ्या उशिराच्या वाणावर सगळी जागा देणं मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला : एक झाड बिग बीफचं लावाच. हे संकरित वाण आहे, लावणीपासून साधारण 73 दिवसांत फळ देतं, आणि 1994 मध्ये ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या नवी वाणं पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेचा मान त्याला मिळाला होता. नावापुढे व्ही, एफ, एन, टी अशी अक्षरं दिसतील. ती व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम हे मर रोग, सूत्रकृमी आणि तंबाखू मोझॅक विषाणू यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती सांगतात. दरवर्षी त्याच वाफ्यात टोमॅटो लावणाऱ्याने ही अक्षरं न वाचता बी घेऊ नये. चवीत ते ब्रँडीवाइनच्या एक पायरी खाली आहे, हे खरं. पण मधल्या काळात ताट रिकामं राहत नाही.

दुसरं झाड चेरोकी पर्पलचं. माझं सर्वांत लाडकं वाण हेच. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका गृहस्थांनी 1990 मध्ये या बिया जुनी टोमॅटो वाणं जमवणारे अमेरिकी बागप्रेमी क्रेग लेहुलियर यांना टपालाने पाठवल्या, आणि नावही लेहुलियर यांनीच दिलं. फळ पिकतानाही त्यातलं हरितद्रव्य पूर्ण जात नाही. तांबड्या रंगात ते मिसळतं म्हणून गर जांभळट-तपकिरी दिसतो. गोडी, आंबटपणा आणि एक खोल, धुरकट स्वाद असं सगळं त्यात आहे. ते साधारण 80 दिवसांत येतं. शिवाय पारंपरिक वाण असल्याने त्याचं बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं. बिग बीफचं बी ठेवून तेच फळ मिळणार नाही.

तिसरी जागा उरलीच, तर ब्रँडीवाइनला द्या, पण रोपं लवकर तयार करून. एवढी चव देणारं झाड मलाही सोडवत नाही.

वाकड्या फळांची काळजी करू नका. बीफस्टीकच्या फळात बियांचे कप्पे पुष्कळ असतात. कळी घडत असताना थंडी पडली, तर ते नीट जुळत नाहीत आणि फळाच्या बुडाशी खडबडीत व्रण उमटतात. तेवढा भाग कापून टाका, बाकीचं फळ उत्तम असतं.

प्रश्न : माझ्याकडे फक्त कुंड्या आहेत. बीफस्टीक लावूच नये का?

उत्तर : जरूर लावा, पण बुटकी वाणं शोधा. लेहुलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नुस्के स्मॉल यांनी हौशी बागप्रेमींना बरोबर घेऊन खास अशी वाणं तयार केली. दोन गोलार्धांतले उलटे ऋतू वापरल्यामुळे पिढ्या भराभर पुढे गेल्या. त्यांतलं रोझेला पर्पल चवीला चेरोकी पर्पलच्या अगदी जवळ जातं. खोड जाड आणि झाड आटोपशीर असतं, तरी काठीचा आधार हवाच. कुंडी निदान 20 लिटरची घ्या. पाणी रोज बोट खुपसून, माती बघून द्या. माती एकदा कोरडीठाक आणि एकदा चिंब झाली, तर फळाला भेगा पडतात आणि बूडही काळं पडतं.

प्रश्न : फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावं का?

उत्तर : गरज नाही. बुडाशी रंग फिरू लागला की तोडा आणि घरात सावलीत ठेवा. पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते. चवही कमी होत नाही, आणि पक्षी व भेगा दोन्ही टळतात. कडक उन्हाळ्यात 30 अंशांच्या वर तांबडा रंग नीट धरतच नाही, तेव्हा तर आधीच तोडलेलं बरं. चेरोकी पर्पलचे खांदे हिरवटच राहतात, त्यांची वाट पाहू नका. बुडाकडे दाबून थोडं मऊ लागलं की कापा. पिकेपर्यंत मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण 12 अंशांखाली टोमॅटोचा सुवास घडणं थांबतं.