कॉलेजनं होस्टेल आणि मेसचं बजेट कापलंय. मुलांचं जेवण न बिघडवता खर्च कसा आवरावा?

चपात्या मोजून द्यायचा विचार असेल तर तो आधी सोडा. बाकीचं उत्तर सवडीनं वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की संस्थेनं यंदा होस्टेलचे पैसे पाव हिश्श्यानं कमी केले, मेसचा दर वाढवायला परवानगी नाही, आणि 'लिमिटेड थाळी' करावी की मेस कॉन्ट्रॅक्टरला द्यावी यावर कमिटीत खल चाललाय. खोल्यांचं वीजबिल कसं आवरायचं तेही विचारलंय. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या मुलांच्या होस्टेलवर अकरा वर्षं रेक्टर होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांशी लग्नकार्यात अजून गाठ पडते.

२०१४ साली आमच्यावर हीच वेळ आली. मुलं १४०, मेसचा दर महिना २,४००. महिन्याची साठ जेवणं धरली तर ताटाला ४० रुपये. किराणा, भाजी, दूध, पीठ मिळून ताटामागे ३५ जायचे. त्यावर आचारी, तीन मावशी आणि गॅस यांचे महिन्याला ५६,०००. म्हणजे मुलामागे दरमहा शंभर रुपयांची तूट, सगळी मिळून १४,०००, ती संस्था भरायची. जूनच्या मीटिंगमध्ये सांगितलं, यापुढे भरणार नाही.

ऑफिसात हिशोब बघणारे आमचे भाऊसाहेब तयारीनंच आले होते. ताटात तीन चपात्या, भात एकदाच, आमटी हवी तेवढी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू.

पहिल्या आठवड्यात काय झालं सांगतो. आमच्या थोरल्या मावशींनी शब्द मोडला नाही. चपात्या तीनच द्यायच्या. पण लाटायच्या अशा, की ताटाच्या कडेवरून खाली लोंबायच्या. कणीक रोज लागायची तेवढीच लागली. भाऊसाहेबांनी कोठीतलं पीठ दोनदा मोजलं आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतः वाढपाच्या टेबलाजवळ उभे राहिले. मग चपात्या खरंच लहान झाल्या. माण-खटावकडची मुलं, घरी बाजरीच्या दोन भाकरी बसल्या बैठकीला संपवणारी. त्यांनी भांडण केलं नाही, बाहेर डबे लावले. सप्टेंबर संपेपर्यंत ४५ मुलांनी मेस सोडली. राहिली ९५. आचारी तोच, मावशी त्याच, शेगडी तेवढाच वेळ पेटलेली. ५६,००० भागिले १४० म्हणजे डोईवर ४००, भागिले ९५ म्हणजे जवळजवळ ५९०. किराण्यात जे वाचलं ते इथे गेलं. हा हिशोब मी भाऊसाहेबांपुढे मांडला तर म्हणाले, "मुलं येतील परत, जातात कुठं!"

गळती कुठे आहे ते शेवटी मला दाखवलं गवळ्यानं. हा माणूस म्हशींसाठी खरकटं न्यायला रोज सकाळी यायचा. एका रविवारी पाहिलं तर सायकलला दोन डबे. म्हटलं, आज दोन का? म्हणाला, "रविवारी दोन लागतातच की, सर. सहा दिवस एक पुरतो." आमच्या सगळ्या कमिटीला जे कळलं नव्हतं ते त्याला सायकलच्या कॅरिअरवर कळलं होतं.

शनिवारी दुपारी लेक्चर संपली की साठेक मुलं स्टँडवर. दहिवडी, वडूज, म्हसवड, मेढा, पाटण, मिळेल ती एसटी. रात्रीचा स्वयंपाक मात्र सगळ्यांचा. रविवारी दुपारी फीस्ट, शिरा नाहीतर जिलेबी, तीही सगळ्यांची. पोरं सांगून का जात नव्हती? आमचा नियम असा, की सलग तीन दिवस गैरहजर असाल तरच खाडा धरणार, म्हणजे न खाल्लेल्या जेवणांचे पैसे वजा करणार. शनिवार रात्र आणि रविवार दुपार, दोन जेवणांचा खाडा मिळणारच नाही तर कोण कशाला वहीत नाव लिहील?

मी नियम बदलला. एका जेवणाचाही खाडा. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत वहीत लिहायचं, ताटाचे २० रुपये परत. भाऊसाहेब खवळले. पैसे परत द्यायचे म्हणजे तोटा नाही का? त्यांना मी पाटीवर लिहून दाखवलं: मुलगा न सांगता गेला तर ४० हातात राहतात, पण ३५ म्हशींना घातलेले असतात. सांगून गेला तर २० जातात, ३५ वाचतात. ताटामागे पंधरा सुटतात. आठवड्याला पन्नास मुलं, दोन जेवणं, महिन्याला सहा हजार. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, कारण त्यांच्या कीर्दीत परत दिलेले २० दिसायचे, म्हशीनं खाल्लेले ३५ कुठल्याच रकान्यात नव्हते.

चपात्यांची मर्यादा त्याच दिवशी उठवली, फीस्ट बुधवारी नेली. दिवाळीनंतर पंचवीस-तीस मुलं परत आली. उरलेल्या तुटीत मोठा वाटा उधारीचा निघाला. ऑफिस बिलं तीन-तीन महिने अडकवायचं, आणि दुकानदार व्याज बिलात वेगळं लावत नाही, डाळीच्या भावात लावतो. मार्केट यार्डात रोखीनं घ्यायला लागलो तसा फरक पडला. तुमच्याकडे ॲडव्हान्स मिळत नसेल तर आधी त्यासाठी भांडा, थाळीसाठी नंतर.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. त्याच दिवाळीच्या मीटिंगमध्ये भाऊसाहेब म्हणाले, "दोन मावशी कमी करा. पोरं लाटतील चपात्या. कर्मवीर अण्णांनी नाही का करून घेतलं? आपण साताऱ्याचे ना?" साताऱ्यात हे वाक्य टाकलं की समोरच्याची बोलती बंद होते. माझीही झाली. मावशी राहिल्या त्या प्राचार्यांमुळे, माझ्यामुळे नाही. ते मला अजून सलतंय.

म्हणून आता सांगतो. अण्णांनी, म्हणजे रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, १९२७ला गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलं राबायची, स्वयंपाक करायची, सगळ्या जातींची एका पंगतीला बसायची, हे खरंच. पण ते मुलाला जेवायला आणि शिकायला मिळावं म्हणून. कमवा आणि शिका यात कमवायचं मुलानं होतं, संस्थेनं नव्हे. आणि कोठीत दाणा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. चपात्या मोजल्याचं कुठे ऐकलंय? बिनपगारी पोरं कामाला लावून पगार वाचवायचा आणि वर फोटोला हार घालायचा, हे मला जमणार नाही. मुलांना काम द्यायचंच असेल तर मोबदला द्या. आम्ही खाड्याची वही आणि बाजार दोन मुलांकडे दिला आणि त्यांचं मेसबिल निम्मं केलं. वही कधी चुकली नाही.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणाल तर, त्याला नफा लागणार आणि तो तेलातून निघणार. अपवाद असतील, मी पाहिले नाहीत.

वीज: खोल्यांत पोरं बादलीत कॉइल टाकतात. दीड हजार वॅटची असली तर तासाला दीड युनिट. नुसती जप्ती करून उपयोग नाही, आधी सकाळी गरम पाण्याची सोय करा. आमचा सोलर पावसाळ्यात बसायचा, म्हणून बंब ठेवला होता. मजल्यावार मीटर लावा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे आकडे २०१४चे आणि १४० मुलांच्या मेसचे आहेत, हजार मुलांच्या विद्यापीठाला जसेच्या तसे लागू नाहीत. मुलींच्या होस्टेलचा मला अनुभव नाही. त्यांना रात्री बाहेर जाऊन जेवता येत नाही, तेव्हा तिथे ताटाला हात लावणं आणखी वाईट. रात्रपाळीची बाई तर कुठल्याही बजेटमध्ये कापू नका. महाडीबीटीवरचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) वसतिगृह भत्ता मुलांना जरूर भरायला लावा, पण त्या पैशावर मेसचा महिना बसवू नका.

भाऊसाहेब हल्ली सकाळी पोवई नाक्याकडे फिरताना भेटतात. तीन चपात्या बरोबरच होत्या, असं अजून म्हणतात. स्वतः दोनच खातात, शुगर आहे.