सॅनिटायझर लावलं की हाताची आग होते, मग कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चाळीसगावला बँकेत कॅशवर बसता, दिवसभर सॅनिटायझर लावावं लागतं, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात आणि थेंब पडला की जीव जातो. ताई, मी अमळनेरला एका लॅबमध्ये रक्त घेतो. एक पेशंट झाला की हात, दुसरा झाला की हात, असं दिवसाला चाळीस-पन्नास वेळा चालतं. त्यामुळे तुमचं दुखणं मला चांगलं माहीत आहे.

आग होते म्हणजे अल्कोहोल बाधतंय, असं लगेच धरू नका. २०२० साली आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर टाकावं लागायचं. एक आजी कापूस वेचून तशाच आल्या होत्या. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा पार चिरलेल्या. हातावर थेंब पडला तशा ओरडल्या, "हात जळी ऱ्हायना रे भाऊ!" म्हणजे हात जळतोय रे. मागचा धडधाकट पोरगा तेच लावून निवांत बसला. चिरलेल्या कातडीवर अल्कोहोल झोंबणारच. त्यामुळे आधी भेगा भरून आणायच्या, बाटली बदलायचं नंतर बघू.

भेगा बहुतेक वेळा पडतात साबणामुळे. दिवसात दहादा साबणाने हात धुवायचे आणि ओल्या हातावर लगेच वर सॅनिटायझर, ही सवय मलाही होती. दोन्ही एकापाठोपाठ करायची काहीच गरज नाही. हातावर दिसणारा मळ, तेल किंवा केळीचा चीक असेल तर साबण-पाणीच लागतं, तिथे सॅनिटायझर नीट काम करत नाही. हात दिसायला स्वच्छ असतील तर नुसतं सॅनिटायझर पुरे. त्यात ग्लिसरीन असेल तर सारखं साबणाने धुण्यापेक्षा ते कातडीला कमीच त्रास देतं. लोकांना हे उलटं वाटतं.

आता खरेदी. बाटलीची पुढची बाजू सोडून द्या. तिथे '९९.९ टक्के जंतू' आणि कोरफडीचं चित्र असतं. बाटली उलटी करून मागचं बारीक वाचा. इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असं नाव आणि टक्केवारी हवी. टक्केवारी ६०च्या खाली असेल तर ठेवून द्या, ७० ते ८० असेल तर उत्तम. ९५ टक्के म्हणजे आणखी भारी असं नसतं, जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सूत्र आहे: इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरीन १.४५ टक्के आणि चिमूटभर म्हणावं इतकं हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड आपल्या हातासाठी नसतंच, बाटलीतल्या द्रावणात जंतूंचे बीजाणू राहू नयेत म्हणून असतं. वरून घातलेला रंग नाही, सुगंध नाही. तुम्ही नेमकं असंच शोधा. ॲलर्जी असलीच तर ती बहुतेकदा सुगंधाची किंवा टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनांची निघते, अल्कोहोलची क्वचितच. 'बिनअल्कोहोलचं घ्या' असं कुणी सांगेल. त्यातलं बेंझाल्कोनियमही काही जणांच्या कातडीला चावतं आणि सगळ्या जंतूंवर तितका भरवसाही नाही.

उत्पादकाचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच आणि मुदत नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. आमच्याकडे २०२० सालीच एका पुरवठादाराने पाच लिटरचा निळा कॅन आणून दिला होता. लिंबाचा घमघमाट, आणि लेबलावर फक्त 'हँड रब'. पंधरा दिवस वापरला, तळहाताची साल निघाली. आत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) घातलेल्या सॅनिटायझरबद्दल सीबीआयने राज्यांना सावध केलं होतं. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही आत शिरतं. नुसत्या वासावरून ओळखता येत नाही, म्हणून तर लेबलाचा एवढा आग्रह.

नवी बाटली आणली की थेट भेगांवर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर हातावर घ्या. तळहाताचा खळगा भरेल इतकं घ्यायचं आणि वीस-तीस सेकंद वाळेपर्यंत चोळायचं. मध्येच रुमालाला पुसायचं नाही. रात्री झोपताना भेगांवर व्हॅसलीनचा जाड थर आणि वरून जुने सुती मोजे. डिसेंबरातल्या आपल्याकडच्या कोरड्या थंडीत मला याचाच उपयोग झाला.

आणखी एक, आपल्या उन्हाचं. ७० टक्के अल्कोहोलची वाफ १७ अंशांच्या आसपासही ठिणगी किंवा ज्योत मिळाली तर पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात आपण ४४-४५ सोसतो. बाटली बंद गाडीत ठेवू नका. हात पूर्ण वाळल्याशिवाय भाकरी टाकायला गॅसजवळ जाऊ नका. झाकण ढिलं राहिलं तर अल्कोहोल आधी उडतं आणि मागे उरतं ते बिनकामाचं पाणी.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत खाज मनगटापर्यंत चढली किंवा बारीक पाण्याचे फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पॅच टेस्ट करून नेमकं काय बाधतंय ते ते शोधतात. जाताना वापरातली बाटली सोबत न्या, आणि तिचं मागचं लेबल तोवर फाडू नका.