गर्भविज्ञान घेऊ की जैवरसायन?

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशींबाहेरची प्रथिनं भ्रूणातल्या पेशींना वळण लावतात हे वर्गात ऐकलं आणि तेच डोक्यात बसलं. संशोधन करायचं तर पुढे गर्भविज्ञान घेऊ की जैवरसायन? बाबा म्हणतात, एवढ्याशा विषयावर पोट कसं भरणार?

उत्तर : आधी बाबांचं. विषय एवढासा नाही. पेशींभोवतीच्या मॅट्रिक्सला, म्हणजे तू म्हणतोस त्या पेशींबाहेरच्या प्रथिनांच्या जाळ्याला, पुस्तकं ‘दोन पेशींमधलं भरण’ म्हणून दोन ओळींत उरकतात, म्हणून तसं वाटतं. उंदराच्या भ्रूणात लॅमिनिन या मॅट्रिक्समधल्या प्रथिनाची फक्त गॅमा-१ साखळी बनू दिली नाही, तर तो साडेपाचव्या दिवसाच्या सुमारास संपतो. फायब्रोनेक्टिन हे तिथलंच दुसरं प्रथिन नसेल तर काही दिवस पुढे जातो, पण मेसोडर्म (भ्रूणाचा मधला थर) आणि रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत. नुसत्या भरणावाचून एवढं अडत नाही. इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहीने (रिसेप्टरने) पेशी मॅट्रिक्स चाचपते आणि आपली कुठली बाजू आत, कुठली बाहेर, हे त्यावरून ठरवते. २००६ मध्ये तर प्रौढ अस्थिमज्जेतल्या मूलपेशी (स्टेम सेल) मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, कडक जेलवर हाडाच्या पेशींसारख्या वळलेल्या दिसल्या. म्हणजे यात भौतिकशास्त्रही आलं. तू ते बारावीनंतर सोडलं असशील, तर माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

दोन्हींपैकी काहीही घे. पदवीवरचं नाव दोन वर्षांत कुणी विचारत नाही. पेशी वाढवता येतात का, सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा प्रोग्रॅम लिहून मोजता येतात का, हे विचारतात. हीच कौशल्यं ऊती अभियांत्रिकीत आणि औषधचाचणीतही चालतात, हे बाबांना सांग. (टेस्ट ट्यूब बेबी केंद्रातला एम्ब्रियॉलॉजिस्ट मात्र वेगळा. त्याचं काम रुग्णसेवेचं, तुझ्या प्रश्नाचं नव्हे.)

आता सुट्टीत मूलपेशींवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन बस. एका बशीला लॅमिनिनचा लेप, दुसरी कोरी. दोन्हींत त्याच पेशी सोडून दुसऱ्या दिवशी बघायला माग. लेपावरच्या पेशी पाय पसरून चपट्या बसलेल्या दिसतील. कोऱ्या बशीतल्या बहुतेक गोल, चकाकत्या कडांच्या, बशी हलवली की तरंगणाऱ्या. हे पाहायला मजा येते. पण त्या पेशींचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बहुतेक ठिकाणी रोज बदलावं लागतं, रविवारीसुद्धा. तिसऱ्या रविवारीही जावंसं वाटलं तर मला पुन्हा लिही, मग अर्जाचं बोलू.